पुढं काहीच नव्हतं

संगमनेर, १२ फेब्रुवारी

प्रिय शाम,

रुपालीचा साखरपुडा किती महागात पडला ते तुला सांगतो, घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून. दहा किलो श्रीखंड गेलं, चाकणला पोहोचेपर्यंत ते पुन्हा ताक व्हायच्या बेतात होतं. रुपालीच्या आईचं माझ्याशी बोलणं चार दिवस गेलं. आणि माझं नाव गेलं. अंगठी यात धरलेली नाही, ती शाबूत पोहोचली.

तुला फोनच करणार होतो. पण फोनवर तू ऐकत नाहीस आणि मी थांबत नाही. पत्रात निदान मधे बोलता येत नाही.

झालं असं. नारायणगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. मला वाटलं अपघात. मग वाटलं मोर्चा. सव्वा तास आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो. ड्रायव्हर वाल्मिक दोनदा खाली उतरून टपावर चढला, त्याला पुढच्या गाडीचं टप दिसलं. मग एकदम रस्ता मोकळा. मी काच खाली करून बघितलं. उलटलेला ट्रक नाही, पोलीस नाही, खड्डा नाही, मेलेलं कुत्रंसुद्धा नाही. पुढं काहीच नव्हतं.

शाम, मला याचा राग आलाय. अपघात असता तर चाकणला जाऊन सांगता आलं असतं. मी होणाऱ्या जावयाच्या, ओमच्या घरच्यांसमोर म्हणालो, "रस्ता बंद होता." तर ओमचे चुलते म्हणाले, "आम्ही त्याच रस्त्यानं भाजी घेऊन आलो."

सायकलला कॅन लावून दूध घालत होतो तेव्हापासून हा रस्ता मी बघतोय. आज दुधाचे तीन टँकर आहेत, लग्नाचं लॉन्स आहे. गाडीत मी असलो की पोहोचायची वेळ मी सांगतो, रस्ता नाही. हा एकच अपवाद, तोही विनाकारण. आणि माझ्यामुळं या रस्त्यावर आजवर कोणाचा खोळंबा झालेला नाही, हे तुला संगमनेरात कोणीही सांगेल.

आता मुद्दा. ओमच्या आजी, राहीबाई, वय ऐंशीच्या पुढं, त्या घरात त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या धाकट्या लेकाचं लग्न मुहूर्त टळून लागलं आणि दीड वर्षात तो गेला. त्या बाईनं या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवलीय, आणि ती सोडवायची आपली पायरी नाही. त्यांनी मला जवळ बसवून हळू आवाजात सांगितलं, "पाहुनं, साकरपुड्याचं जाऊ द्या. लग्नाला अक्षदा येळंवर पडल्या न्हाईत तर आमी वऱ्हाड माघारी नेऊ. पुढचा मुहूर्त बघू." पुढचा मुहूर्त बघायला सवड नाही. ओमला कंपनी जूनमध्ये दोन वर्षांसाठी परदेशी पाठवतेय. पाच मेचा मुहूर्त टळला तर माझ्या पोरीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं, आणि दोन वर्षांत काय होतं ते तुला-मला माहीत आहे.

तू सगळी नोकरी रस्त्यावरच्या गाड्या मोजण्यात घालवलीस. मला एवढंच सांग, नारायणगावला पुढं काय होतं?

तुझा
राधाकृष्ण


पुणे, २० फेब्रुवारी

प्रिय राधाकृष्ण,

पत्र मिळालं. नारायणगावला पुढं काही नव्हतं हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. कारण नव्हतं असं नाही, तू पोहोचेपर्यंत ते निघून गेलं होतं.

भरलेल्या रस्त्यावर कोणीतरी एकानं लेन बदलली. मागच्यानं ब्रेकवर नुसता पाय ठेवला. त्याच्या मागच्याला ते उशिरा दिसलं, म्हणून त्यानं जरा जास्त दाबला. तिसऱ्यानं आणखी. असं करत विसाव्या गाडीला पूर्ण थांबावं लागलं. तोवर पहिला इसम मंचरला चहा पीत असेल. आपण काय केलं हे त्याला जन्मात कळणार नाही. गाड्या पुढं जातात आणि थांबणं मागं मागं सरकत जातं. तू ज्या थांबण्यात सापडलास ते बहुधा तुझ्या आधी अर्धा तास, तीन-चार किलोमीटर पुढं जन्मलं होतं.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. गाड्या वाढतील तसा रस्ता जास्त गाड्या वाहून नेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या मर्यादेला तो फार नाजूक असतो. एक धक्का बसला की मोडतो, आणि मोडलेला रस्ता आधीपेक्षा कमी गाड्या सोडतो. थांबलेला प्रत्येक माणूस पुढचा हलल्यावर मग क्लच, मग गिअर, मग विचार, असं करत उठतो. म्हणजे रस्त्याची गरज सर्वांत जास्त असते नेमका तेव्हाच तो सर्वांत कमी काम करतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळं मला हे समजायला जड गेलं नाही.

राहीबाईंचं वाचून काळजी वाटली. रुपाली माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे. वऱ्हाड किती गाड्यांचं आहे?

तुझा
शामकांत


संगमनेर, ६ मार्च

प्रिय शाम,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, रुपालीनं तीनदा. ती म्हणाली, "शामकाकांनी पंगतीचंच लिहिलंय." तिचं खरं आहे. हे मला आधीच माहीत होतं, ते रस्त्याला लागू पडतं एवढं माहीत नव्हतं.

लॉन्सवर पहिल्या वर्षी मी जेवणाचं दार सताड उघडं ठेवायचो. आठशे माणसं एकदम आत. वाढपी बादली घेऊन उभा, त्याला पाऊल टाकायला जागा नाही. हात धुवायला निघालेले आणि बसायला आलेले दारात समोरासमोर. एका लग्नात तर मुलाचे मामा आणि मुलीचे मामा एकाच खुर्चीला हात लावून वीस मिनिटं "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत होते. त्या गोंधळात मठ्ठा संपल्याचं कोणाला कळलंही नाही. मग मी वाल्मिकला दारात उभा केला. शंभर आत, दार बंद. ते उठले की पुढचे शंभर. बाहेरचे लोक शिव्या देतात, पण तासभर आधी जेवून घरी जातात. दारात अडवलेला माणूस लवकर जेवतो. हे मी व्याह्यांना समजावून सांगायला गेलो तर त्यांना वाटलं मी मान द्यायला कमी पडतोय.

वऱ्हाड बावीस गाड्यांचं आहे. आता तू मला रस्त्याचा वाल्मिक कसा उभा करायचा ते सांग.

एक अडचण आहे. त्यांच्यात नवरदेवाच्या गाडीच्या पुढं वऱ्हाडाची गाडी घालत नाहीत. आणि आमच्याकडं वऱ्हाड एकदम यावं लागतं. तुकड्यातुकड्यांनी आलं तर बँड कोणासाठी वाजवायचा? पहिल्या गाडीसाठी वाजवला तर शेवटची रुसते, शेवटच्यासाठी ठेवला तर पहिली रुसते.

रुपाली तुला नमस्कार सांगते. ती घाबरलेली दिसत नाही, म्हणजे घाबरलेली आहे.

तुझा
राधाकृष्ण


पुणे, १७ मार्च

प्रिय राधाकृष्ण,

वऱ्हाड एकदम आणू नकोस. भरल्या रस्त्यात बावीस गाड्या एकमेकींना चिकटून घुसवणं म्हणजे तुझ्या जेवणाच्या दारातून पलंग नेणं. तीन-तीन, चार-चार गाड्या दहा मिनिटांच्या फरकानं सुटू देत. नवरदेवाच्या पुढं कोणी जाण्याचा प्रश्न राहीबाईंना विचारून सोडवावा. मला वाटतं, मुहूर्त महत्त्वाचा की पुढं-मागं, असं विचारलं तर त्या नीट उत्तर देतील.

रस्त्यावर प्रत्येकानं पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावं, म्हणजे तिनं ब्रेक मारला तरी आपल्याला मारावा लागत नाही. वेग सारखा ठेवावा. मधे घुसाघुशी होऊ देऊ नये. आणि लॉन्सच्या दारात गर्दी होऊ नये म्हणून गाड्या बेताबेतानं आत घ्याव्यात.

बँडचं मला कळत नाही. तो शेवटपर्यंत वाजवत ठेवावा.

चाकण माझ्या वाटेवर आहे. रुपालीचा फोन आला होता. तिनं ओमला सांगून मला त्यांच्यापैकी एका गाडीत जागा करून दिली आहे. म्हणजे तुझ्या लग्नात मी मुलाकडचा.

तुझा
शामकांत


संगमनेर, २ मे

प्रिय शाम,

वेळ नाही म्हणून थोडक्यात. तुझं पत्र पाठ झालंय. अंतर ठेवायचं, सारखा वेग, घुसाघुशी नको, दारात बेताबेतानं. अगदी तसंच करतोय. फक्त तुकड्यांचं तेवढं जमणार नाही, पण त्यावर मी उपाय काढलाय. वऱ्हाड आणायला मी स्वतः जीप घेऊन घाटापलीकडं घारगावपर्यंत जातोय, वाल्मिक टँकर घेऊन सोबत. वऱ्हाडाला धक्का लागणार नाही.

आता निर्धास्त गाडीत बस. पुढं मी आहे.

तुझा
राधाकृष्ण


पुणे, १४ मे

प्रिय राधाकृष्ण,

लग्न पार पडलं, मुहूर्तावर पडलं. अभिनंदन. जेवणाच्या गडबडीत तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही, आणि मला जे दिसलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

तुला ठाऊक नसेल, रुपालीनं माझ्या पत्राचा फोटो ओमला पाठवला होता. त्या मुलानं त्यातला शब्दन्शब्द पाळला. राहीबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढं-मागं काय करायचंय, येळंवर न्या." बाकीच्यांनी दहा मिनिटांच्या फरकानं सुटायला ऐनवेळी नकार दिला. सगळे सजवलेल्या गाडीमागं एकदम निघाले. पण ओम स्वतः शिस्तीत पाऊण तासानं निघाला, साध्या गाडीत, कारण निशिगंधाच्या वासानं आजींना मळमळतं. सजवलेल्या गाडीत चुलते होते. साध्या गाडीत ओम, राहीबाई आणि मी. अंतर भरपूर, वेग सारखा. आळेफाट्यापर्यंत मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो.

चंदनापुरीच्या घाटाच्या अलीकडे गाड्या थांबल्या. दोन्ही लेन. सरकायच्या, थांबायच्या, मग सरकणंही बंद. मी राहीबाईंना धीर देण्यासाठी सगळं समजावून सांगितलं. म्हणालो, बहुतेक पुढं काहीच नसेल.

त्या म्हणाल्या, "पुढं काई न्हाई, मग आपन थांबलो का?"

मी ब्रेकचं सांगितलं. विसाव्या गाडीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओमला विचारलं, "हे मास्तर हाईत का?" मग पदराच्या गाठीतल्या अक्षता काढून मुठीत धरल्या आणि समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडं बघत बसल्या. मुठीतून तांदळाचे चार दाणे मांडीवर पडले, ते त्यांनी एकेक वेचून परत मुठीत घेतले. राधाकृष्ण, मी कोंडी आयुष्यभर वरून बघितली. आत बसलेल्या माणसाकडं इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

ओमनं रुपालीला फोन लावला. मी ऐकत होतो. तो म्हणाला, "मी नाही पोहोचत." पलीकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण तो दुभाजकाच्या पलीकडं बघायला लागला. पलीकडची बाजू, संगमनेरहून पुण्याकडं येणारी, रिकामी होती. तुझी मुलगी शहाणी आहे. कोंडीतल्या माणसाला पुढं जाता येत नाही, पण मोकळ्या बाजूनं त्याच्याकडं येता येतं, हे मला तासभर तिथं बसून सुचलं नाही.

ती मामाच्या गाडीनं आली. आई, गुरुजी, अंतरपाट, हार, सगळं घेऊन. आम्ही दुभाजकाच्या फटीतून चालत पलीकडं गेलो. रस्त्याला लागून सहादेव नावाच्या एका भल्या माणसाची कांद्याची चाळ होती. त्यानं पोती सरकवून जागा केली, ताडपत्री अंथरली. अडकलेल्या गाड्यांतली माणसं उतरून आली. एका एसटीतली सगळी आली, कंडक्टरसकट. मंगलाष्टकं एका प्रवाशानं म्हटली, गुरुजींपेक्षा बऱ्या आवाजात. राहीबाईंनी घड्याळ नाही, गुरुजींचं तोंड बघून अक्षता टाकल्या. पहिली मूठ त्यांची. मग मला म्हणाल्या, "पडल्या बगा येळंवर." ताजा कांदा डोळ्यांत जात असल्यामुळं कोण कशानं रडतंय हे ओळखायची सोय नव्हती.

लोक इतके होते की त्यात तू मला दिसलाच नाहीस. बाकीचे विधी लॉन्सवर झाले तेव्हा दिसलास.

आता खरं काम. पुढच्या महिन्यात आमच्या निवृत्तांच्या मंडळात माझं व्याख्यान आहे. विषय, 'निष्कारण कोंडी'. घाटातली ही घटना मी मुख्य उदाहरण म्हणून घेतो आहे. जेवताना मी तुला मुद्दाम विचारलं की पुढं काय होतं, तर तूच म्हणालास, "काही नव्हतं रे, मठ्ठा घे." इतकं शुद्ध उदाहरण मला नोकरीत कधी मिळालं नाही. तुला काही तपशील आठवत असेल तर कळव.

तुझा
शामकांत


संगमनेर, २३ मे

प्रिय शाम,

ते व्याख्यान देऊ नकोस. निदान ते उदाहरण घेऊ नकोस. मंडळात आमच्या भागातलं कोणी असेल तर तुझं हसं होईल.

तपशील कळवतो. घारगावला वऱ्हाड मला भेटलं. सजवलेली गाडी पुढं होती, काचांवर फुलांच्या माळा, आत कोण ते दिसत नव्हतं. नवरदेवाच्या गाडीत नवरदेव असतो, हे कोणी तपासून बघत नाही. मी जीप उजव्या लेनला घेतली. टँकर डाव्या लेनला, माझ्या बरोबरीनं. तू लिहिलं होतंस, घुसाघुशी होऊ देऊ नये. मागून कोणाला पुढंच येता आलं नाही तर घुसणार कोण? तू लिहिलं होतंस, सारखा वेग. भरलेला टँकर घाट चढताना जेवढा पळतो तेवढाच वेग मी घारगावपासून ठेवला, म्हणजे पुढं बदलायला नको. तू लिहिलं होतंस, अंतर ठेवावं. माझ्या पुढं घाटाच्या माथ्यापर्यंत एकही गाडी नव्हती. इतकं अंतर त्या रस्त्यावर आजवर कोणी ठेवलं नसेल.

मागं हॉर्न वाजत होते. मला वाटलं, वऱ्हाडाला आनंद झालाय.

लॉन्सच्या दारात मी बेताबेतानं घेतलं. एक गाडी, तिला औक्षण, नारळ, मग ती आत, मग पुढची. बाकीच्या हायवेवर. टँकर दाराशी आडवा लावला होता, मधे कोणी शिरू नये म्हणून. पंगतीला जे चालतं ते रस्त्याला चालत नाही, कारण पंगतीत वाट बघणारा माणूस मांडवात उभा असतो आणि रस्त्यात तो दुसऱ्याच्या वाटेत उभा असतो. हे तू लिहिलं नव्हतंस. मीही विचारलं नव्हतं.

अकराव्या का बाराव्या गाडीला रुपाली मागच्या फाटकातून निघून गेली. तिच्या मामानं येऊन कानात सांगितलं की ओम घाटापलीकडं अडकलाय. मी म्हणालो, "तो तर आत गेला, मी स्वतः ओवाळायला लावलं." मामा म्हणाला, "ते चुलते होते, दाजी." चुलत्यांनी नारळ घेतला होता, टोपीही घेतली होती, काही बोलले नव्हते.

वऱ्हाड दारात उभं करून मुलीच्या बापाला पळता येत नाही. शेवटची गाडी आत घेतली आणि मग निघालो.

राहीबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. निघायच्या वेळी त्या जवळ आल्या. चुलत्यांनी वाटेतलं सगळं आधीच सांगितलं होतं. म्हणाल्या, "ते मास्तर म्हनत हुते पुढं काई न्हाई म्हनून. काई न्हाई कसं? पुढं आमचं याही हुते." मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रुपालीला घेऊन गेल्या. त्या बाईनं मला सोडलं, शाम. माझ्या जागी त्या असत्या तर मी सोडलं नसतं.

संगमनेरात आता कोणी तुला काही सांगायला लागलं तर तू ऐकून घे. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं होतं, माझ्यामुळं कोणाचा खोळंबा झाला नाही, ते मागं घेतो. आमदारांची गाडी, दोन एसट्या, एक बैलांची शर्यत आणि दुसऱ्या तीन वऱ्हाडांचे लोक भेटून गेले. त्यातल्या दोघांनी लॉन्सचं पुढचं बुकिंग रद्द केलं. तिसऱ्यानं केलं नाही, त्याची सासू त्या एसटीत होती आणि तिला मंगलाष्टकं आवडली.

सोबत फोटो पाठवतोय, एसटीच्या कंडक्टरनं काढलेला. ओम, रुपाली, राहीबाई, मामा, हातात अंतरपाटाचं टोक धरलेला तू, मागं कांदे. रुपालीच्या डावीकडं एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी आहे. ती म्हणते, मुद्दाम ठेवली होती.

तू लिहिलंस, त्या गर्दीत मी तुला दिसलोच नाही. मोकळ्या बाजूनं मी जीप भरधाव काढली होती. घाट उतरलो आणि गाड्या थांबल्या. या बाजूला ना टँकर, ना औक्षण. समोरचा टेम्पोवाला खाली उतरून परत आला, त्याला विचारलं, पुढं काय आहे. तो म्हणाला, "काही नाही, कांद्याच्या चाळीत कुणाचं तरी लग्न लागतंय, जो तो बघायला गाडी हळू करतोय."

मी पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

तुझा
राधाकृष्ण